मिटकरींचा प्रिंटर आणि शहादेवचा हातकागद

मन्मथ मिटकरी जन्मभर भीतभीत जगला, आणि धंदा मात्र असा धरला की ज्यात भित्र्या माणसानं पाऊलच टाकू नये. केजला बसस्टँडच्या रस्त्यावर, मेहुण्याच्या कापड दुकानाला लागून त्याचा फोटो स्टुडिओ होता, मागच्या खोल्यांत घर. फोटोग्राफरचं काम काय? लोकांची लग्नं, बारशी, मयती, म्हणजे जे जे पुन्हा होत नाही ते सगळं एका डब्यात कोंडून घरी आणायचं. हातून सुटलं की सुटलं. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणाऱ्या माणसानं हा उद्योग करावा का? पण करत होता. वडिलांनी कॅमेरा हातात दिला तेव्हा ‘नको’ म्हणायचीही त्याला भीती वाटली, एवढीच त्यामागची कथा.

भीतीला कारण नव्हतं असंही नाही. तरुणपणी लिंबागणेशला एका लग्नात रीळ गुंडाळून व्हायच्या आधीच त्यानं कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. भर उन्हात. अख्खं लग्न पांढरं झालं. नवरानवरीला दोन महिन्यांनी पुन्हा मुंडावळ्या बांधून उभं केलं, पण मधल्या काळात नवरीचा आजा वारला होता, आणि त्या म्हाताऱ्याचा उभ्या आयुष्यातला एकमेव फोटो त्या रिळात होता. त्याला कुठून उभा करणार? नवरीची आई भांडली नाही. दुकानाच्या पायरीवर नुसती बसून राहिली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मन्मथ पुढं कितीतरी वर्षं म्हणत असे.

मग दिवस बदलले. मोबाइल लोकांच्या खिशात नुकते शिरले होते, आणि भारनियमन घराघरांत कायमचं मुक्कामाला आलं होतं. रीळ गेलं, डार्करूम गेली, बीडच्या कलर लॅबला चकरा मारणं गेलं. पुण्याला दिलेल्या मुलीनं, रुचिकानं, बापाचं दुकान बसू नये म्हणून टेबलावर ठेवायचा फोटो प्रिंटर पाठवला आणि पाठोपाठ जाड कागदाचं एक पाकीट. कापसाच्या लगद्याचा, हाताला खादीसारखा लागणारा, पुठ्ठ्याइतका भारी कागद. त्यावर छापलेला माणूस फोटो वाटत नाही, कुणी बसून काढलेलं चित्र वाटतो. गेलेल्या माणसांच्या तसबिरींसाठी लोक तोच मागू लागले. दुकान पुन्हा चालू लागलं, आणि मन्मथची नवी भीतीही.

कारण साधा कागद पुढच्या ट्रेमध्ये ठेवला की झालं. जाड कागदाला आतलं वळण घेता येत नाही. तो मागच्या फटीतून सरळ घालायचा, एका वेळी एक. आधी मऊ ब्रशनं त्यावरची कापसाची लव झटकायची, नाहीतर ती शाईच्या भोकांत जाऊन बसते. आतला खटका ‘जाड’कडे सरकवायचा, म्हणजे शाई फवारत इकडून तिकडं पळणारं डोकं जरा वर उचललं जातं. तरीही कागदाचा कोपरा वाकून वर आलेला असला तर डोकं त्यावर येऊन आपटतं आणि खर्रकन शाई फासून जातं. शिवाय रबरी रूळ आपणहून कागद ओढत नाहीत, मागून बोटानं रेटा द्यावा लागतो. कमी दिला तर मशीन कागद घेत नाही आणि जास्त दिला तर तिरका घेतं. मन्मथ प्रत्येक वेळी श्वास रोखून रेटा द्यायचा. तो रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की प्रिंटरच्या झाकणावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचा.

“कपाळाला लावा की,” त्याची बायको शांतादेवी म्हणायची, “त्या मशीनच्या टकलाला कशाला?”

“तुला नाही कळायचं.”

“मला एवढंच कळतं की तुमच्यापेक्षा ते मशीन कमी भितं.”

अशा या माणसाकडे एप्रिलच्या उन्हात नांदूरघाटची जाईबाई ओव्हाळ आली. शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई, ताठ, कमी बोलणारी. काखेत प्लॅस्टिकच्या पाणीपाइपाचा हातभर तुकडा, दोन्ही तोंडांना लुगड्याचे बोळे कोंबलेले. मन्मथला वाटलं, नळाचं सामान घ्यायला आलेली बाई चुकून दुकानात शिरली. तिनं एक बोळा काढला, पाइप तिरका केला आणि आतून गुंडाळलेला एक कागद अलगद बाहेर ओढला.

तो काउंटरवर पसरला तसा मन्मथ मागे सरकला.

हातकागद होता, पिवळसर आणि कडा झिरमिळलेल्या. चारी बाजूंनी पिंपळपानांची चौकट, एकात एक गुंतलेली पानं, प्रत्येक पानाची शीर सोनेरी. मधे कोरी जागा. खाली दुकानांच्या पाट्यांवर असतात तशा रेखीव अक्षरांत लिहिलं होतं, ‘ज्योत्स्ना शहादेव ओव्हाळ, बी. एस्सी.’

“शहादेव पेंटर?” मन्मथनं विचारलं. केजमधल्या निम्म्या पाट्या शहादेवच्या हातच्या होत्या. मन्मथच्या दुकानाचीही.

“मालक माझे. कावीळ झाली, गेले. पोरगी सातवीत हुती तवा हे काढलं. म्हणले, बी. एस्सी. झाली की मधी तिचा चेहरा मी सोता काढणार.” जाईबाईनं पदराच्या गाठीतून ज्योत्स्नाचा फोटो काढला. “आता झाली. नोकरी लागली, नागपूरला चालली म्हैन्याभरात. त्येंनी तर काढला न्हाई. मग तुमचं मशीन काढू दे. तुमी जाड कागदावर छापता म्हणं.”

“बाई, फोटो मी वेगळा छापून देतो. मधे नीट चिकटवू. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“मला कळंल.”

“अहो, पण हा कागद एकच आहे.”

“यकच हाय म्हणून तर तुमच्याकडं आले. धा असते तर कुणाकडं बी गेले असते.”

“मशीनमध्ये अडकला तर?”

“तर काढा.”

“फाटला तर?”

“मग मी तुमाला फाडीन, आप्पा.”

शांतादेवी आतल्या दारात उभी होती. ती खळखळून हसली आणि म्हणाली, “ठेवा जाईबाई कागद. हे करतात.”

झालं. नवऱ्याच्या भीतीवर बायकोनं कुलूप घातलं आणि किल्ली जाईबाईच्या हातात दिली. जाईबाई जीपनं गावाला गेली आणि तो कागद मन्मथच्या घरात राहिला. घरात साप शिरल्यावर माणूस जसा जिथं तिथं पाय जपून टाकतो तसा तो वावरू लागला. स्वयंपाकघरात फोडणी पडली की याला वाटे तेलाचा थेंब उडाला. कागद होता बाहेरच्या खोलीत, दोन दारांपलीकडं! मेहुण्यानं गंमत केली, “दाजी, त्या कागदाला आता पाळण्यात घाला.” मन्मथला ते गंमत वाटलंच नाही. पाळणा हलतो, असं तो गंभीरपणे म्हणाला.

काम मात्र त्यानं जपून केलं, हे कबूल करायला हवं. पाइपात राहून राहून कागदाला बाक आला होता. मेहुण्याच्या दुकानातून कापडाच्या ताग्याची पुठ्ठ्याची नळी आणून त्यावर त्यानं कागद उलटा गुंडाळला, मग दोन पाटांच्या मधे ठेवून वर पाटा-वरवंट्यातला पाटा चढवला. चटणी वाटायला काही मिळेना म्हणून शांतादेवी रोज करवादायची. कागदाची रुंदी प्रिंटरच्या फटीत जेमतेम बसणारी होती, दोन्हीकडे नखभर जागा. पानांवरचा रंग कुठं जाड बसलाय हे त्यानं डोळे मिटून बोटांनी चाचपलं. ज्योत्स्नाचा फोटो स्कॅन करून संगणकात घेतला, बटरपेपरवर छापून कोऱ्या जागेवर ठेवून पाहिला. वर सरकला, खाली सरकवला. हनुवटी अक्षरांवर आली, पुन्हा उचलली. तसाच एक हातकागद रुचिकाकडून मागवून त्यावर करून पाहिलं. छान आलं. आणि नेमकं तेच त्याला खुपलं. नशीब चाचणीवर खर्ची पडलं, असं त्याच्या मनानं घेतलं.

ठरल्या दिवशी जाईबाई सकाळीच आली. तिच्याच समोर छापायचं, असा मन्मथचा हट्ट होता. काही झालं तर नंतर सांगायची हिंमत आपल्यात नाही, हे तो ओळखून होता. वीज दुपारी जायची होती, म्हणजे वेळ होता. त्यानं टेबल भिंतीपासून ओढून फिरवलं, म्हणजे मागची फट समोर आली. कपिलधारच्या देवस्थानातून आणलेली नवी विभूती होती. झाकणावर तीन पट्टे ओढले. हात थांबेना. सगळं वाईट जिथं घडतं ती तर मागची फट, तिथंच देवाचं नाव नको का? त्यानं चिमूटभर विभूती त्या फटीच्या ओठावर लावली, आणखी थोडी लावली, वरून फुंकर घातली.

मग खटका सरकवला, ब्रशनं लव झटकली, कागद फटीत उतरवला आणि रेटा दिला.

खर्र, खर्र, खर्र. रूळ फिरले. कागद तिथंच. लाल दिवा लुकलुकू लागला.

“काय म्हणतंय?” जाईबाईनं विचारलं.

“कागदच नाही म्हणतंय.”

“आंधळं हाय का?”

मन्मथनं बटण दाबलं, पुन्हा रेटा दिला. खर्र, खर्र. लाल दिवा. तिसऱ्या वेळी त्यानं जरा जोर लावला तर कागदाची एकच बाजू आत गेली आणि कागद तिरका होऊन थांबला. आता पुढंही जाईना आणि मागंही येईना. डावीकडचं एक पान फटीच्या कडेला दाबलं गेलं होतं. मन्मथला समोरचं टेबल दिसेना, पायरीवर बसलेली लिंबागणेशच्या नवरीची आई दिसू लागली. त्यानं हात वर उचलून धरले. खाली आणले तर काही फाटेल, वर ठेवले तर काम होणार नाही.

“अहो, बघता काय नुसतं!” शांतादेवी म्हणाली.

“शांता, तू बाहेर जा.”

“मी जात नाही. मशीन बंद करा आणि कागद सरळ मागे घ्या.”

त्यानं मशीन बंद केलं. रुळांची पकड सैल झाली. श्वासागणिक थोडाथोडा करत कागद बाहेर आला. पान शाबूत होतं. पण कागदाच्या कडेला, जिथं रूळ घासले होते तिथं, राखाडी पट्टा उमटला होता. मन्मथनं बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. विभूती. फुंकर घातलेली सगळी विभूती आत रबरी रुळांवर पडली होती. पीठ लागलेल्या हातातून ताट निसटतं तसा तो कागद रुळांतून निसटत होता.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवाचं नाव घेऊन त्यानंच मशीनच्या तोंडात माती घातली होती. आणि आता ते पुसायचं म्हणजे? विभूती पुसायची? ओल्या फडक्यानं?

“काय झालं?” जाईबाई.

त्यानं सांगितलं. जाईबाईनं त्या राखाडी पट्ट्याकडं बोट केलं.

“पुसा की मग. तुमचा देव तुमाला म्हणला हुता का, मला मशीनीत घाला म्हणून?”

शांतादेवीनं मलमलचं फडकं भिजवून पिळून त्याच्या हातात दिलं. त्यानं गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि रूळ पुसले. मग रद्दी कागद आत घालून घालून रूळ फिरवले, कागदावर राख यायची थांबेपर्यंत. कागदाच्या कडेवरची राख ब्रशनं झटकली. पुन्हा एकदा फटीत उतरवला. या वेळी रुळांनी तो असा धरला की मन्मथच्या बोटांनाच तो ओढ देऊन गेला.

डोकं पळू लागलं. सूंऽ, सूंऽ. पुढच्या बाजूनं वरची पानं बाहेर आली, कोरडी, सुखरूप. मग ज्योत्स्नाचे केस. मग कपाळ. जाईबाई खाली वाकली.

आणि वीज गेली.

पंखा थांबला. अजून दुपार व्हायची होती, पण वीज काय तक्ता वाचून जाते? इन्व्हर्टरनं भार उचलला आणि लगेच टूंटूं सुरू केलं. बॅटरी जुनी होती. छपाई अर्ध्यावर थांबली तर त्या चेहऱ्यावर पुन्हा नेमकं तिथूनच सुरू करणं कुणाला शक्य नाही. मन्मथनं मॉनिटर बंद केला, तेवढीच बचत. मशीन हळूहळू छापत होतं. जाड कागदावर ते घाई करत नाही. भुवया आल्या. डोळे आले. डोळ्यांबरोबर नवी पंचाईत आली. मागं लोंबणारा कागदाचा भाग आपल्या वजनानं खाली झुकू लागला होता आणि रुळांना ओढ बसत होती.

“जाईबाई, मागून धरा. ओढू नका, ढकलू नका. नुसतं तळव्यांवर झेला. मी सोडा म्हटलं की सोडा.”

तिनं दोन्ही तळहात कागदाखाली धरले. पातेली उतरवून उतरवून जाड झालेले हात. जराही हलत नव्हते. कागद त्यांच्यावरून तसूतसूनं पुढं सरकत होता. नाक, ओठ, हनुवटी. इन्व्हर्टरची टूंटूं जवळजवळ येऊ लागली. मन्मथच्या कानात आता फक्त तीच होती. खालची अक्षरं पुढं बाहेर आली, फक्त खालच्या पानांची ओळ आत राहिली. छापायचं काही उरलं नव्हतं, कागद तेवढा बाहेर पडायचा होता. आता जाईल, आता बॅटरी जाईल, कागद आत अडकून राहील—

“सोडा!” तो ओरडला.

तिनं सोडलं. कागदाचं शेपूट अजून रुळांतून सुटलं नव्हतं. ते टपकन वाकलं, सुटताना उसळलं, आतला कोपरा वर आला आणि परतीला निघालेलं डोकं त्यावर आपटलं. खर्रर्र.

कागद बाहेर पडला. इन्व्हर्टर अजून टूंटूं करतच होता. चालूच होता.

ज्योत्स्ना मधोमध होती, हसू दाबल्यासारखी. चेहरा स्वच्छ आला होता. पण खालच्या कोपऱ्यातलं एक पान अर्धं खरडलं गेलं होतं आणि त्यावरून काळी शाई फासली गेली होती. सोनेरी शीर मधेच तुटली होती.

जाईबाईनं आपले तळवे उलटसुलट करून पाहिले.

“माझा हात हालला व्हय, आप्पा?”

मन्मथला ‘हो’ म्हणता आलं असतं. बाईनं स्वतःच वाट करून दिली होती. तोंडातून एक अक्षर काढायचं, की ती आयुष्यभर स्वतःच्याच हाताला दोष देत राहिली असती आणि याच्या पायरीवर कुणी येऊन बसलं नसतं. शांतादेवी त्याच्याकडं पाहत होती.

“नाही,” तो म्हणाला. “तुमचा हात नाही हलला. मी लवकर सोडा म्हणालो.”

“कावून?”

“भ्यालो.”

“कुणाला? मी हुते की धरून.”

जाईबाई बाकावर बसली. शांतादेवीनं चहा आणला, तो तिच्यापुढं निवत राहिला. ती रडली नाही आणि ओरडलीही नाही, फक्त त्या पानाकडं बघत होती. मन्मथला तिच्या बाजूला बसवेना आणि उठूनही जाववेना.

“शाई वाळली की मी रंग भरून देतो,” तो कसाबसा म्हणाला. “पूर्वी मी निगेटिव्हवर ब्रशनं काम करायचो. अगदी तसंच होईल.”

“ह्या हातानं?” जाईबाईनं त्याच्या बोटांकडं बोट केलं. ती लटलट कापत होती. “आत्ता न्हाई. शाई वाळू द्या, मी घिऊन जाते. त्येंचे रंग घरी डब्यात हायेत. आयतवारी तुमी या. माझ्या घरी, माझ्यासमोर भरा.” मग तिनं निवलेला चहा उचलला आणि एका दमात प्याली.

मधले दिवस मन्मथनं कसे काढले ते विचारू नये. एकदा त्यानं ताप आल्याचं सांगितलं. शांतादेवीनं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “ताप नाही, रविवार आलाय.” रविवारी तिनं त्याला जीपमध्ये बसवून दिलं आणि जीप हलेपर्यंत तिथंच उभी राहिली. मधे उतरून परत येईल, याची तिला खात्री होती. वाटेत एका फाट्यावर तो उतरलाही होता. पाणी प्यायला म्हणून. आणि पुन्हा चढला.

जाईबाईच्या घरी जमिनीवर पाट मांडून त्यावर तो कागद ठेवलेला होता. बाजूला शहादेवचा पत्र्याचा डबा. त्यात आखडलेल्या नळ्या, वाळलेली हिरवी ढेकळं, केस झडलेले ब्रश. ज्योत्स्ना आत चहा ठेवत होती. तिनं बाहेर येऊन नमस्कार केला, कागदाबद्दल काही बोलली नाही. मन्मथनं तिच्याकडं नीट पाहिलंही नाही. त्यानं थेंबभर पाण्यात हिरवं ढेकूळ चोळलं. रंग जागा झाला. तो जरा जास्तच गडद वाटला, त्यानं पिवळा मिसळला. बरोबर झाला. नाही, झाला नाही. पुन्हा मिसळला. ब्रश उचलला आणि पानाच्या वर अधांतरी धरून राहिला. थेंब ब्रशच्या टोकाशी गोळा होऊ लागला.

जाईबाई समोर बसली आणि दोन्ही तळव्यांनी कागद दाबून धरला.

“हात कापतोय, बाई.”

“कापू द्या,” ती म्हणाली. “कापतच ठिवा पानावर. थेंब पडंल न्हाईतर.”

त्यानं ब्रश टेकवला.